वेबसाईटचे मागचे दार कोण बघतो?



आपल्या समाजात सोयरीक जमविण्याची रीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती पालटली, हे घराघरांत ठाऊक आहे. पूर्वी वधू-वर परिचय मेळावा भरायचा. मेळाव्याची पुस्तिका छापली जायची. ती हिंगोलीहून वसमतला, वसमतहून कळमनुरीला, तिथून एखाद्या पाहुण्याच्या पिशवीतून नांदेड-परभणीला जायची. पुस्तिका फाटली की तिच्यातली माहितीही संपायची. आता ती पुस्तिका वेबसाईट झाली आहे. मुलीचे नाव, जन्मतारीख, शिक्षण, भावाची नोकरी, वडिलांचा फोन नंबर, घरचा पत्ता आणि चांगला स्टुडिओत काढलेला फोटो, हे सारे एका ठिकाणी जमा असते. वेबसाईट फाटत नाही आणि रद्दीतही जात नाही. मुलीचे लग्न होऊन तिला दोन लेकरे झाली तरी तिचा बायोडाटा तिथे तसाच पडून असतो.

वधू-वर मंडळाचेच कशाला? विहाराची समिती, जयंती मंडळ, वाचनालय, कर्मचाऱ्यांची पतसंस्था, वसतिगृहाचे माजी विद्यार्थी, ज्याची त्याची आज वेबसाईट आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा वेबसाईट हा शब्दही आपल्याकडे फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. आज वर्गणी काढून ती उभी केली जाते. उद्घाटनाला पाहुणे बोलावले जातात, टाळ्या वाजतात, पेढे वाटले जातात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे, की टाळ्या संपल्यावर त्या वेबसाईटचे मागचे दार कोण बघतो?

हे मागचे दार म्हणजे काय, ते आज समजून घेऊ. विषय संगणकाचा असला तरी घाबरण्याचे कारण नाही. ज्याने कधी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल काढली आहे, त्याला तो सहज कळेल.

आधी वेबसाईट बांधतात कशी ते पाहू. घर बांधताना गवंडी प्रत्येक वस्तू स्वतः घडवीत नाही. विटा भट्टीवरून येतात, दाराची चौकट सुताराकडून येते, नळाची तोटी दुकानातून येते. वेबसाईटचेही तसेच आहे. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाईट ‘वर्डप्रेस’ नावाच्या एकाच फुकट मिळणाऱ्या साच्यावर उभ्या आहेत. हा साचा २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल या दोघांनी सुरू केला. या साच्याला जे तयार सुटे भाग जोडतात, त्यांना प्लगइन म्हणतात. फोटो एकामागून एक सरकविणारे एक प्लगइन, अर्ज भरून घेणारे दुसरे, वर्गणीचे पैसे घेणारे तिसरे. असे पन्नास हजारांहून अधिक प्लगइन वर्डप्रेसच्या भांडारात फुकट मिळतात, आणि विकतचे वेगळेच. यातूनच आपल्या पोरांना कमी पैशांत वेबसाईट उभी करता आली. म्हणून या पद्धतीला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पण तोटी दुकानातून आणली, तर ती गळते की नाही हे घरमालकालाच पाहावे लागते.

आता रेकॉर्ड रूमकडे वळू. समजा, एका कचेरीत एक शिपाई आहे. तो इमानी आहे, चपळ आहे, पण स्वतःच्या डोक्याने काही विचारीत नाही. खिडकीतून चिठ्ठी आली, ‘बातम्यांची फाईल आण’, की तो कपाटातून बातम्यांची फाईल आणून देतो. ‘कार्यक्रमांची आण’ म्हटले, की ती आणतो. काम झटपट होते आणि सगळे खूश असतात. एके दिवशी खिडकीबाहेर एक लबाड माणूस उभा राहतो. तो चिठ्ठीवर लिहितो, ‘या कपाटाच्या बाहेर ये, या खोलीच्याही बाहेर ये, साहेबांच्या खोलीत जा आणि तिजोरीच्या किल्लीची नोंद आण.’ आपला शिपाई जातो आणि ती नोंद घेऊन येतो. चिठ्ठी कुणी लिहिली हे त्याला कुणी बघायला सांगितलेले नव्हते. कोणत्या फायली द्यायच्या आणि कोणत्या नाहीत, हेही सांगितलेले नव्हते.

वेबसाईटच्या सुट्या भागांत नेमका हाच दोष राहून जातो. इंग्रजीत त्याला ‘फाईल इन्क्लूजन’ म्हणतात, म्हणजे बाहेरून आलेल्या नावावर भरवसा ठेवून फाईल आत ओढून घेणे. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. ही भाषा रासमुस लेर्डोर्फ या गृहस्थाने १९९४-९५ च्या सुमारास सुरू केली. तिच्यात एक हुकूम आहे, की अमुक नावाची फाईल घे आणि इथे जोड. नाव कार्यक्रम लिहिणाऱ्याने स्वतः ठरविले असेल तर काही बिघडत नाही. पण तेच नाव वेबसाईटच्या पत्त्याच्या शेपटीतून, म्हणजे बाहेरच्या कुणाही माणसाकडून घेतले, तर चिठ्ठी लबाडाच्या हातात गेली असे समजावे. संगणकाला ‘एक खोली बाहेर ये’ असे सांगायला दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ पुरते. ती खूण चार वेळा लिहिली, की शिपाई चार खोल्या बाहेर येतो.

आता तिजोरीची नोंद म्हणजे काय, ते सांगतो. वर्डप्रेसच्या प्रत्येक वेबसाईटमध्ये एक मुख्य फाईल असते. सगळी माहिती ज्या कोठारात ठेवलेली असते, त्या कोठाराचे नाव आणि त्याचा पासवर्ड या फाईलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. ती फाईल बाहेर गेली, की पुढे कोठार उघडायला वेळ लागत नाही. कोठारात काय असते? आपल्या मुलींचे फोटो, आपले फोन नंबर आणि आपले पत्ते.

याहून वाईट एक प्रकार आहे. वरच्या गोष्टीतला शिपाई फाईल नुसती आणून दाखवीत होता. पीएचपीचा हुकूम मात्र आणलेल्या फाईलमध्ये पीएचपीतल्या आज्ञा असल्या, तर त्या पाळतोही. एखाद्याने फोटो म्हणून भलतीच फाईल वेबसाईटवर चढविली आणि मग शिपायाला तीच आणायला सांगितली, तर त्यात लिहिले असेल ते सारे तो करतो. पाने पुसायला सांगितले तर पुसतो, जुगाराच्या जाहिराती लावायला सांगितल्या तर लावतो. काही जुन्या कार्यक्रमांत तर परक्याच्या वेबसाईटवरची फाईलही थेट आत ओढता येत असे. हा धोका ओळखून पीएचपीच्या कर्त्यांनी २००६ मध्ये ५.२ ही आवृत्ती काढताना बाहेरची फाईल अशी आत ओढण्याची सोय मुळातच बंद ठेवली. तेव्हापासून तो एक प्रकार बराच आटोक्यात आला. आपल्याच घरातली फाईल बाहेर नेण्याचा प्रकार मात्र आजही चालू आहे.

हे झाले समजावणे. आता घडलेल्या गोष्टी सांगतो.

२०११ च्या ऑगस्टमध्ये मार्क माउंडर नावाच्या एका तंत्रज्ञाला त्याच्या स्वतःच्या वेबसाईटवर त्याने न लावलेल्या जाहिराती दिसू लागल्या. शोध घेता घेता तो ‘टिमथंब’ नावाच्या एका छोट्या फाईलपाशी आला. मोठ्या फोटोचे लहान फोटो करणे एवढेच तिचे काम होते. बाहेरच्या काही ठरावीक वेबसाईटवरून फोटो आणायची तिला मुभा होती आणि त्यांची यादीही तिच्यात होती. पण तपासणी कशी? पत्त्यात कुठेही ते ओळखीचे नाव आले, की झाले. म्हणजे दारावरच्या माणसाने ‘तुमच्या नावात पाटील आहे का? आहे ना? मग या आत’ असे म्हणावे, तसा हा प्रकार. लबाडांनी आपल्या पत्त्याच्या सुरुवातीलाच ते ओळखीचे नाव जोडले आणि खुशाल आत शिरले. ही फाईल कितीतरी तयार साच्यांबरोबर फुकट येत असे. ती आपल्या घरात आहे, हेच पुष्कळांना माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट २०१४ ची. फोटो सरकविणारे ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ हे एक विकतचे, फार खपाचे प्लगइन. त्यात वर सांगितलेला शिपायाचाच दोष होता. फोटोच्या नावाच्या जागी मुख्य फाईलचे नाव आणि आधी दोन टिंबांची खूण दिली, की मुख्य फाईल हातात पडे. बनविणाऱ्यांनी २०१४ च्या सुरुवातीलाच गाजावाजा न करता दुरुस्ती केली होती. पण हे प्लगइन अनेक तयार साच्यांच्या पोटात बसवून विकले जात होते. साचा विकत घेणाऱ्याला आत काय आहे याची खबर नव्हती, आणि दुरुस्तीही त्याच्यापर्यंत आपोआप पोचत नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या वाटेने मोठा हल्ला झाला आणि गूगलने अकरा हजारांहून अधिक वेबसाईट धोक्याच्या यादीत टाकल्या. २०१६ साली ‘पनामा पेपर्स’ म्हणून जगभर गाजलेले १ कोटी १५ लाख कागद मोसॅक फोन्सेका या पनामातल्या कंपनीचे होते. त्या कंपनीच्या वेबसाईटवर याच प्लगइनची कित्येक वर्षे जुनी, भोके असलेली आवृत्ती होती, असे सुरक्षेच्या जाणकारांनी तेव्हा दाखवून दिले. कागद नेमके त्याच वाटेने गेले का, हा वेगळा मुद्दा. पण बड्या बड्या श्रीमंतांची गुपिते सांभाळणाऱ्या कंपनीलाही आपली तोटी बदलायची सुचली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट २०२२ च्या जानेवारीतली. ‘इसेन्शियल ॲडऑन्स फॉर एलिमेंटर’ हे प्लगइन दहा लाखांहून अधिक वेबसाईटवर होते. त्यातही फाईल आत ओढण्याचाच दोष निघाला. बनविणाऱ्यांनी एकदा दुरुस्ती केली, ती अपुरी पडली. दुसऱ्यांदा केली, तीही अपुरी पडली. तिसऱ्यांदा, म्हणजे ५.०.५ या आवृत्तीत, भोक नीट बुजले. पण बातमी बाहेर आली, तेव्हा सुमारे सहा लाख वेबसाईटवर ती दुरुस्ती पोचलीच नव्हती. औषध निघाले, पण रोग्याने ते घेतलेच नाही.

हे सारे परदेशातलेच आहे असे कुणाला वाटू नये. आपल्या पुण्यात ब्रेनस्टॉर्म फोर्स ही कंपनी आहे. तिचे प्लगइन जगभर वापरले जातात आणि मराठी मुलुखातून असे काम व्हावे याचा आपल्याला अभिमानच वाटायला हवा. तिच्या ‘अल्टिमेट ॲडऑन्स फॉर डब्ल्यूपीबेकरी पेज बिल्डर’ या प्लगइनच्या ३.१९.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत हाच दोष असल्याची नोंद २०२४ साली जाहीर झाली. यात हिणवण्यासारखे काही नाही. कसलेल्या कारागिराच्या हातूनही भोक राहते. दोष उघड व्हावा, दुरुस्ती निघावी आणि ती लोकांनी बसवावी, हीच या धंद्यातली सरळ रीत आहे. पहिल्या दोन गोष्टी बनविणाऱ्याच्या हाती असतात. तिसरी आपल्या हाती असते आणि तिथेच आपण कमी पडतो.

सरकारी वेबसाईटचे काय, असे कुणी विचारील. आपल्या हिंगोली जिल्ह्याची वेबसाईट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सेवेवर चालते. देशातल्या जिल्ह्यांच्या वेबसाईट एका छपराखाली सुरक्षित राहाव्यात, म्हणून ही सेवा काढली गेली. तरीही २०२४ च्या मार्चमध्ये बातमी आली, की याच सेवेच्या साठवणुकीतले काही कागद चुकीच्या मांडणीमुळे बाहेरच्यांना दिसत होते. त्यांत नागरिकांचे आधार क्रमांक होते, कोविड लसीकरणाची माहिती होती, पासपोर्टचा तपशीलही होता. सौरजीत मजुमदार या संशोधकाने हे २०२२ मध्येच हेरले होते आणि सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला कळविलेही होते. हा दोष प्लगइनचा नव्हता आणि बातमी एकट्या हिंगोलीची नव्हती. पण गोष्ट तीच. जो कागद कपाटात राहायला हवा, तो खिडकीत येऊन पडला होता.

हे सांगितले, की मंडळाच्या बैठकीत जे बोलणे होते, ते आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. एस.टी.तून निवृत्त झालेले एखादे सचिव काका असतात आणि संगणक शिकलेले एखादे पोरगे असते.

‘‘काका, वेबसाईट अपडेट करायला पाहिजे. दोन वर्षं झाली कुणी हात लावला नाही.’’

‘‘चालू हाय ना रे बाबा? फोटो दिसायलेत ना? मग कामून छेडायचं?’’

‘‘दिसतात काका, पण आतून कुणी शिरलं तर?’’

‘‘आपल्यात कोण शिरंल लेकरा? आपण काय बँक हाव का? गरिबाचं मंडळ आपलं. कुणाला काय मिळणार?’’

काकांचे बोलणे मनापासूनचे असते आणि वरवर पाहता बरोबरही वाटते. पण चोराची पद्धत आता पालटली आहे. पूर्वीचा चोर घर हेरून यायचा. हा चोर घर हेरीतच नाही. अमुक प्लगइनमध्ये भोक आहे असे कळले, की तो एक यंत्र सोडतो. ते यंत्र रात्रंदिवस लाखो वेबसाईटचे दार वाजवीत फिरते. घर सावकाराचे की शेतमजुराचे, ते यंत्राला कळत नाही. कडी सैल आहे की घट्ट, एवढेच ते पाहते. जून २०२२ मध्ये ठाणे शहर पोलिसांच्या वेबसाईटवर हल्लेखोरांनी आपला मजकूर झळकविला होता. पोलिसांच्या दारावर जे होते, ते आपल्या मंडळाच्या दारावर होणार नाही, असे कशाच्या भरवशावर म्हणावे?

आणि गरिबाचे काही जात नाही, हेही खरे नाही. श्रीमंताचा फोन नंबर बाहेर गेला तर तो दुसरे सिम घेतो, वकील गाठतो. आपल्या घरात वडिलांचा एकच फोन असतो. बँकेचे खाते त्यालाच जोडलेले, शिष्यवृत्तीचा संदेश त्यावरच येणार, रोजगार हमीची मजुरी ज्या खात्यात येते तेही त्याच नंबराचे. मुलीचे नाव, शिक्षण आणि वडिलांचा नंबर एकत्र मिळाला, की ‘तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती अडकली आहे, आलेला नंबर सांगा’ असा फोन करणे किती सोपे होते, ते आम्ही वेगळे सांगायला नको. मुलीच्या फोटोचा कुणी काय उपयोग करील, या विचारानेच आईची झोप उडते. पुन्हा बोभाटा झाला, तर दोष चोराला लागत नाही, मुलीलाच लागतो. म्हणून हा विषय संगणकवाल्यांवर सोडून देऊ नये, असे आम्हाला वाटते.

मग करायचे काय? तीन ठिकाणी तीन प्रकारची कामे आहेत.

पहिले काम मंडळाचे. वेबसाईटचा पासवर्ड एकाच पोराच्या फोनमध्ये ठेवू नका. तो पोरगा उद्या नोकरीला पुण्याला किंवा चाकणला जातो, नंबर बदलतो आणि मंडळाच्या घराची किल्ली त्याच्याबरोबर जाते. किल्ली दोघांकडे असावी आणि तशी नोंद कार्यवृत्तात असावी. दर महिन्याला एक दिवस ठरवा. त्या दिवशी त्या दोघांपैकी एकाने वर्डप्रेस आणि सगळी प्लगइन नव्या आवृत्तीवर आणावीत. वर्डप्रेसच्या ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, प्लगइन आपोआप नवे होण्याची सोयही आहे, ती चालू करून ठेवावी. जे प्लगइन लागत नाही ते नुसते बंद करू नका, काढूनच टाका. बंद केलेल्या प्लगइनच्या फायली जागेवरच असतात आणि चोराला तेवढे पुरते. विकतच्या प्लगइनची चोरटी प्रत फुकट मिळते म्हणून बसवू नका, तिच्यात भोक आधीच पाडून ठेवलेले असू शकते. तयार साचा घेताना विचारा, की याच्या पोटात कोणती प्लगइन आहेत आणि त्यांची दुरुस्ती आम्हाला कशी मिळणार? सगळ्या वेबसाईटची एक प्रत वेगळ्या जागी काढून ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे लागत नाही ते ठेवूच नका. लग्न जमले की बायोडाटा काढा. आधार कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका या गोष्टी वेबसाईटवर घेऊच नका. जो कागद कपाटात नाही, तो शिपाई आणणार कुठून?

दुसरे काम वेबसाईट बनविणाऱ्या आपल्या मुलामुलींचे. हिंगोली-वसमतच्या कॉलेजांतून शिकून पुष्कळ मुले या कामात शिरली आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की शिपायाला यादी द्या. बाहेरून आलेले नाव घेऊन कधीही थेट फाईल उघडू नका. आपल्याकडे चार पाने असतील, तर त्यांना एक ते चार आकडे द्या. आकडा आला तर फाईल द्या, दुसरे काहीही आले तर खिडकी बंद करा. दोन टिंबांची खूण पुसून टाकण्यावर विसंबू नका, कारण तीच खूण वेगवेगळ्या सोंगांत लिहिता येते. फोटो चढविण्याच्या कप्प्यात पीएचपीच्या आज्ञा चालणार नाहीत, असा बंदोबस्त ठेवा. आणि काम देताना गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशीच सांगा, की बांधणीचे इतके आणि वर्षाच्या देखभालीचे इतके. देखभालीचे पैसे मागायला लाजू नका. गवंडी गळक्या छपराचे पैसे मागतो, ते कष्टाचेच असतात.

याच मुलांना एक सावधगिरीचा शब्द. हे भोक कसे असते ते कळले, म्हणून परक्याच्या वेबसाईटवर ते करून पाहू नका. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा आहेत. शिकायचेच असेल, तर घरच्या संगणकावर स्वतःची वेबसाईट उभी करा आणि तिच्यावर प्रयोग करा. प्लगइनमधले दोष रीतसर शोधून ते बनविणाऱ्याला आधी कळविणाऱ्यांना बक्षिसे देणाऱ्या संस्था आहेत. त्यातून नाव होते, नोकरी लागते. ज्याच्याकडे मोठी डिग्री नाही, पण डोके आणि चिकाटी आहे, त्यालाही तिथे वाट आहे.

तिसरे काम आपल्या घराचे. मंडळाला बायोडाटा देताना पूर्ण पत्ता लिहू नका, गाव आणि तालुका पुरे. मुलीचा स्वतःचा नंबर देऊ नका. जो नंबर बँकेला जोडलेला नाही, असा घरातल्या मोठ्या माणसाचा नंबर द्या. कुणी आधार मागितलेच, तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार आता सरकारच देते, ते द्या. सोयरीक झाली की सचिवांना फोन करून सांगा, ‘दादा, आमच्या मुलीची माहिती आता काढून टाका.’ यात कसला संकोच? २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा अधिकार मान्य केला आहे. कायदा पूर्णपणे लागू होण्याची वाट कशाला पाहायची? आपल्या मंडळाला आपण आजही सांगू शकतो. आणि एवढे करूनही फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर रडत बसू नका. १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

काही जण म्हणतील, एवढी भीती असेल तर वेबसाईटच नको, आपली छापील पुस्तिका बरी. आम्हाला ते पटत नाही. ज्या मुलीला सेनगावच्या पुढे स्थळ दिसत नव्हते, तिला या वेबसाईटमुळे मुंबई-नागपूरचे स्थळ दिसू लागले. आपल्या बिरादरीच्या पलीकडचे स्थळही दिसू लागले. वाचनालयाची पुस्तके गावातल्या पोराला घरबसल्या कळू लागली. ही वाट बंद करणे म्हणजे पुन्हा मागे जाणे. विहिरीत कुणी पडेल म्हणून आपण विहीर बुजवीत नाही, तिला कठडा बांधतो.

येत्या महिन्याच्या बैठकीत, जमाखर्च वाचून झाल्यावर आणि चहा येण्याच्या आधी, वाचकांपैकी कुणीतरी उठून सचिवांना तीन प्रश्न विचारावेत. वेबसाईट शेवटची दुरुस्त कधी झाली? तिची किल्ली कुणाकडे आहे? आणि लग्न झालेल्या मुलींची माहिती अजून तिच्यावर आहे का? प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही. मुलीची आई असली तरी पुरे, आणि तिने विचारले तर उत्तर टाळणे कुणालाही जड जाईल.